पिवळ्या गाडीची बॅटरी

फ्रीमाँट
१७ ऑक्टोबर २०२४

सौ. उत्तरावहिनीस,
स. न. वि. वि.

कागदावर लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस, बाबा समोर बसलेले असतात, आणि जे बोलायचं ते सोडून मी हवापाण्याचं बोलत बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर दादा मध्येच अंगठ्याचं चित्र टाकतो आणि विषय संपतो. म्हणून पत्र.

दसऱ्याचं कळलं. बाबांनी गाडी पुसली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, किल्ली फिरवली, आणि गाडी नुसती टकटक करून गप्प बसली. मग दादाने आणि तुमच्या शेजारच्या रवीने ती ढकलून लिंबावरून नेली. दादा हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. बाबांनी ती डॅटसन बहात्तर साली घेतली तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. इतक्या वर्षांत दसऱ्याला ती सुरू झाली नाही असं कधी ऐकलं नव्हतं. आई गेल्यावर बाबा तुमच्याकडे आले, गाडीही आली, आणि चार वर्षांत ही पाळी. दोष देत नाही. पण तुझी व्हॅन कधी बंद पडल्याचं ऐकलं नाही, एवढंच.

मी दिवसभर बॅटऱ्याच बघते. कंपनीत त्यांना कधी तापवायचं, कधी गोठवायचं आणि किती दिवस तग धरतात ते मोजायचं, हेच माझं काम. तेव्हा एवढं तरी ऐक. जुनी बॅटरी गेली. तिला चार्ज करत बसू नका. मी एक नवीन पाठवते आहे. पूर्ण बंद असते, पाणी घालावं लागत नाही, आडवी झाली तरी आतलं काही सांडत नाही. सोबत एक लहान चार्जर आहे. तो हिवाळाभर लावूनच ठेवायचा. बॅटरी भरली की आपोआप थांबतो, उतरली की आपोआप सुरू होतो. कुणी काही करायला नको. तुला तेवढंच एक काम कमी.

आता मुख्य. मी सोळाची झाले तेव्हा बाबांनी मला त्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं आणि ही तुझी म्हणाले, हे दादालाही माहीत आहे. आमच्याकडे आता गराज आहे, इथे बर्फ नाही, म्हणून रस्त्यावर पत्रा गंजवणारं मीठ नाही. मेमध्ये मी ती इकडे आणायचं म्हणते. तोवर तिला जिवंत ठेव.

कळावे. लोभ आहे हे मी धरून चालते. तू नाही म्हणू नकोस.

तुझी,
शुभा


वेस्ट विंडसर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. शुभा हीस,
अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांनी मोठी आहे, पण मोठी आहे. तेव्हा आशीर्वाद घेच.

तुझी बॅटरी पोचली. खोक्यातून काढताना राजीव म्हणाला, बहिणीने दागिना पाठवलाय. दिसायला खरंच देखणी आहे. पण शुभा, ती बसत नाही. बाबांनी ट्रेमध्ये ठेवली, पट्टी लावली, आणि लाल केबल टोकापर्यंत पोचेना. तुझ्या बॅटरीचं प्लस एका बाजूला, गाडीला हवं दुसऱ्या बाजूला. बॅटरी फिरवली तर पट्टी बसत नाही. बाबांनी केबल दोनदा ओढून पाहिली आणि मग म्हणाले, शुभाने घाईत मागवली असणार. कसं म्हणाले सांगू? कौतुकाने. मी दुधाची चुकीची पिशवी आणली तर ते असे म्हणत नाहीत.

मग पाडव्याच्या आधी आम्ही दोघं रूट वनवरच्या दुकानात गेलो. बाबांनी ट्रेची लांबी-रुंदी तळहातावर लिहून घेतली होती. मी तिथे एक जुन्या पद्धतीची बॅटरी निवडली, वर सहा झाकणं असलेली, जिच्यात पाणी घालावं लागतं. तू वाचून कपाळावर हात मारशील. मला माहीत आहे तुझी चांगली आहे. पण तुझ्या बॅटरीला कुणाचीच गरज लागत नाही, आणि या घरात बाबांची गरज लागेल असं फार काही उरलेलं नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी लायसन्स परत केलं. बर्फ राजीव काढतो, बिलं मी भरते, भाजी आणायला मी व्हॅनने नेते तेव्हा ते सीटबेल्ट लावून पाहुण्यासारखे बसतात. ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले त्यांना निदान सहा झाकणं उघडायला असावीत, असं मला वाटलं. पाडव्याला बॅटरी पाटावर बसवून त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि मग गाडीत बसवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दसऱ्याचं मात्र ऐक. दर रविवारी तुझा फोन आला की बाबा गराजमध्ये जातात, गाडी दोन मिनिटं सुरू करतात, फोन इंजिनजवळ धरतात, तू वा म्हणतेस, आणि ते गाडी बंद करतात. सुरू करायला जेवढी वीज जाते तेवढी दोन मिनिटांत परत भरत नाही, हे मला दुकानातल्या माहितीपत्रकावरून कळलं. तुझं तर कामच ते. ती बॅटरी माझ्या दुर्लक्षाने नाही गेली, शुभा. तुला ऐकवण्यात गेली.

लिहिलं तसं राहू देते. मनातलं आणखी एक आत्ताच लिहिते, नंतर लिहायचा धीर राहणार नाही. मला तुझा हेवा वाटतो. त्या गाडीला दोनच सीट आहेत. लग्न होऊन मी आले तेव्हापासून दुसरी सीट तुझी आहे, तू तीन हजार मैलांवर असलीस तरी. बाबांनी मला ती गाडी कधी चालवायला दिली नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, तुझी ऑटोमॅटिकची सवय. मी नागपूरला वडिलांच्या मारुतीवर शिकले, उन्हात, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायला. क्लच येतो का, हे या घरात कुणी विचारलंच नाही.

असो. जेवायची वेळ झाली. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उत्तरावहिनी


फ्रीमाँट
१२ जानेवारी २०२५

सौ. उत्तरावहिनीस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते गाडीत बसून वाचलं आणि घरात गेले नाही बराच वेळ. रविवारचं तुझं खरं आहे. मी बाबांना सांगितलं, आता हिवाळ्यात सुरू करू नका. एक तर दादाला अर्धा तास फिरवून आणायला सांगा नाहीतर झोपू द्या. बरं म्हणाले. आता रविवारी आमच्याकडे बोलायला विषय नसतो. गुडघे आणि हवा. तू जिंकलीस.

आता त्या फोटोचं. तू पाठवलास त्यात बाबा गॉगल लावून, बॅटरीवर वाकून, देवातल्या पळीने पाणी घालताहेत. वहिनी, ती पळी तांब्याची आहे. एक तर धातूची वस्तू दोन टोकांना टेकली तर ठिणगी उडेल, आणि तांब्याचा अंश आत गेला तर बॅटरी नासेल. औषधाचा प्लॅस्टिकचा ड्रॉपर घ्या. पाणी फक्त डिस्टिल्ड, आतल्या पट्ट्या बुडतील इतकंच, काठोकाठ नको. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून वायू निघतो, तेव्हा जवळ उदबत्ती लावायची नाही. लावत असणार, मी बाबांना ओळखते.

तो फोटो मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला. सगळे हसले. मग मी जिन्यात जाऊन उभी राहिले. माझा हेवा वाटतो म्हणतेस? मला बाबा रविवारी वीस मिनिटं मिळतात, त्यातही बहुतेक वेळ कपाळच दिसतं, कारण त्यांना फोन कसा धरायचा ते कळत नाही. तुला रोज मिळतात. चहा किती उकळलेला लागतो, कुठला स्वेटर टोचतो, हे आता तुला माहीत आहे. मला जे माहीत आहे ते जुनं झालं. तुझं लग्न झालं त्या आठवड्यात तू त्यांना बाबा म्हटलंस आणि ते ओ म्हणाले. मी तिथेच उभी होते. हा माझा शब्द आहे असं मला वाटलं होतं, आणि तो इतक्या सहज दुसऱ्याला चालला.

पण हे सगळं बाजूला ठेवून मला एक विचारायचं आहे. तू दर रविवारी मीटरचा आकडा पाठवतेस. भरलेली बॅटरी बारा पॉइंट सहा व्होल्टच्या वर हवी. पाडव्याला ती होती. मग बारा पॉइंट चार. परवा बारा पॉइंट एक. चार्जर लावलेला असेल तर असं होऊ शकत नाही. गाडीतलं घड्याळ रात्रंदिवस चालतं, ते तिला हळूहळू खातं, आणि तेवढं भरून काढायलाच तर चार्जर आहे. तुझ्याकडे आणखी थंडी पडेल. उतरलेली बॅटरी गोठते, फुटतेसुद्धा. खरं सांग, तू चार्जर लावायला विसरतेस ना? गाडी मेमध्ये माझ्याकडे यायची आहे म्हणून मन लागत नसेल तर समजू शकते, पण तसं सांग.

रागावलीस तर थोडं रागाव, फार नको. जो काही लोभ आहे तो आहे तिथपर्यंत तरी राहू दे.

तुझी,
शुभा


वेस्ट विंडसर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. शुभा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी राजीवला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याने तुला फोन केला असता आणि मग मी चुगलखोर ठरले असते. तीन आठवडे मी तुझ्यावर चिडून राहिले. भाकऱ्या थापताना चिडायला सोयीचं जातं.

चार्जर मी विसरत नव्हते. बॅटरीवर लाल आणि काळा चिमटा रोज दिसत होता, म्हणजे लावलेला आहे असं मी समजत होते. भिंतीतला प्लग कोण बघतं? तो बर्फाच्या फावड्यामागे आहे. गेल्या सोमवारी गराजमध्ये तांदूळ काढायला गेले तर प्लग भिंतीतून काढलेला, वायर आठच्या आकड्यासारखी गुंडाळून तांदळाच्या पोत्यावर ठेवलेली. वायर अशी कोण गुंडाळतं हे तुला सांगायला नको.

झोपण्याआधी बाबा घरभर फिरतात. दिवे, शेगडी, इस्त्री, टोस्टर, राजीवच्या लॅपटॉपचा चार्जरसुद्धा. आम्हाला सवय झाली आहे. सकाळी जो तो आपापलं परत लावतो. ते गराजपर्यंत जातात हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "घर झोपलं की यंत्रांनीही झोपलं पाहिजे. कुणी जागं नसताना वीज चालू ठेवायची नाही." सांगलीला त्यांच्या वडिलांनी मेन स्विचच बंद करायची पद्धत ठेवली होती म्हणे. तू आपोआप चालणारा चार्जर पाठवलास. आपोआप चालणाऱ्यावर या माणसाचा विश्वास नाही, हे तू विसरलीस. आणि मी विसरले की या घरात रात्री काहीच लावलेलं राहत नाही. दोघींची चूक अर्धी अर्धी.

मी त्यांना समजावायला गेले नाही. आता सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं गराजमध्ये जातो. मी प्लग लावते, ते मीटर धरतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. रात्री ते काढतात. दिवसभराचं चार्जिंग पुरतं. काल आकडा बारा पॉइंट सात होता. उदबत्ती बंद केली आहे. नुसता नमस्कार करतात. ड्रॉपर आमच्या अनयाच्या लहानपणीच्या तापाच्या औषधाचा आहे.

हे सांगताना मला आनंद व्हायला हवा होता, कारण तू चुकलीस. पण आणखी एक आहे. आकडा वाचून झाला की ते आता मधूनमधून मला म्हणतात, "लिहून ठेव, शुभा." मी शुभा नाही असं पहिल्यांदा म्हणाले, तर इतके ओशाळले की दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता मी काही म्हणत नाही. डॉक्टरांना सांगितलं आहे. वयाप्रमाणे आहे, बघू म्हणतात. राजीव म्हणतो, तो पण अनयाला शुभा म्हणतो कधीकधी. तो तसं म्हणत नाही, पण माणूस बापाविषयी काय बोलणार.

इतकी खटपट मी करते आणि नाव तुझं निघतं. सांगून टाकलं. आता तू हस किंवा रड.

माझ्याविषयी मनात जे बरं असेल ते कमी करू नकोस.

तुझी,
उत्तरावहिनी


फ्रीमाँट
९ मार्च २०२५

सौ. उत्तरावहिनीस,
स. न. वि. वि.

तू विसरतेस असं मी म्हणाले, ते मागे घेते. नीट शब्दांत: चुकले.

बाबांचं वाचून काय वाटलं ते लिहायला तीनदा बसले. पहिल्यांदा काळजी वाटली. दुसऱ्यांदा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं, की नाव माझं येतं. तिसऱ्यांदा तू डोळ्यांसमोर आलीस, हातात प्लग घेऊन उभी असलेली, आणि बरं वाटलेलं सगळं गेलं.

गाडीचा ट्रक मेच्या अखेरीला ठरवला आहे. मी चार दिवस आधी येते. न यायचं मनात आलं होतं, म्हणजे गाडी न न्यायचं, पण मग वाटलं, वर्ष दोन वर्षांनी बाबांना ही कुणाची ते आठवलं नाही तर? आत्ता त्यांच्या हातून किल्ली घ्यायची आहे. हा स्वार्थ आहे, कळतं.

तुझ्या बॅटरीपेक्षा माझी चांगली आहे, हे मात्र अजून माझं मत आहे. इथे एका ओळखीच्याकडून लांब लाल केबल करून घेतली आहे. घेऊन येईन. हसू नकोस.

माझ्यासाठी मनात थोडी जागा ठेव, गाडीइतकी नको, सीटइतकी चालेल.

तुझी,
शुभा


वेस्ट विंडसर
२० एप्रिल २०२५

चि. शुभा हीस,
अनेक आशीर्वाद.

हे तू आलीस की समोर सांगता आलं असतं. समोर सांगायचा धीर नाही.

गेल्या आठवड्यात चांगला पाऊस झाला आणि रस्त्यावरचं मीठ वाहून गेलं. शनिवारी राजीव अनयाला भेटायला स्टेट कॉलेजला तिच्या हॉस्टेलवर गेला होता. चहानंतर आम्ही नेहमीप्रमाणे गराजमध्ये गेलो. बाबांनी झाकणं उघडून पाणी बघितलं, मीटर लावला, आकडा वाचला, चिमटे काढले. मग गाडीवरचं कव्हर ओढून घडी घातली, डावीकडचं दार उघडलं आणि मला किल्ली दिली. स्वतः उजवीकडे जाऊन बसले. "शुभा, ये, बस," म्हणाले.

मी उभी राहिले. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर ते ओशाळतील, कव्हर परत घालतील, आणि हे पुन्हा होणार नाही. नाही सांगितलं तर मी चोरी करते आहे. तुझं नाव, तुझी सीट. बावीस वर्षं वाट बघितलेली गोष्ट समोर उघडी होती आणि तिच्यावर दुसऱ्याची पाटी होती.

बसले.

गाडी लगेच सुरू झाली. माझी बॅटरी, असं मनात आलं. मारुतीला गिअर डाव्या हाताने टाकायची सवय, इथे उजव्या. पहिला गिअर खरखरला. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवून गिअर जागेवर बसवला. कॅनॉलच्या कडेने आम्ही गेलो. झाडांना नुसती पालवी फुटली होती. गाडी जमिनीला इतकी लागून चालते की रस्ता मांडीवर घेतल्यासारखा वाटतो. चढावर सिग्नल लागला. मी थांबवली, आणि हिरवा झाल्यावर एक इंचही मागे न जाता काढली. बाबा खूश झाले. लहानपणीचं अंगातच राहतं बघ, म्हणाले. तुझ्या लहानपणीचं. मी बरं म्हटलं.

अर्धा तास पुरा फिरलो, बॅटरी भरावी म्हणून. घरी वळताना ते म्हणाले, आणि हे मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, "उत्तराला सांगू नकोस आपण गेलो होतो. तिला वाईट वाटेल. तिला मी कधी नेलं नाही."

मी गाडी गराजमध्ये लावली. चिमटे लावले, प्लग लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक भिजवायला घेतली आणि तिच्यात मीठ घालायचं विसरले.

उत्तराला मी सांगितलं नाही. तुला सांगते आहे, कारण त्या अर्ध्या तासावर तुझा हक्क आहे असं वाटतं. आणि द्यावासा वाटत नाही.

येशील तेव्हा अबोला धरू नकोस. एवढा जीव लावलास तेवढाच पुढेही लाव.

तुझी,
उत्तरावहिनी


फ्रीमाँट
८ जून २०२५

सौ. उत्तरावहिनीस,
स. न. वि. वि.

गाडी सुखरूप पोचली. मागच्या काचेवर किड्यांचा थर, बाकी ओरखडा नाही. गराजमध्ये उभी आहे, पिवळी, आणि कालपासून मी तिच्याकडे गेलेले नाही.

तू निरोप देताना हसलीस, पण तुझी बॅटरी काढून मी माझी बसवली तेव्हा तुझ्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. तुला वाटलं, हिला अखेर स्वतःचंच खरं करायचं होतं. दादाला मी कारण सांगितलं, प्रवासात पाणी सांडेल, अ‍ॅसिडने रंग जाईल. तसं काही झालं नसतं. खरं कारण तुला लिहिते.

ट्रक यायच्या आदल्या सकाळी तू ऑफिसच्या मीटिंगसाठी वर खोलीत होतीस. मी जेट लॅगमुळे लवकर उठून अंगणात बसले होते. गराजमधून बाबांची हाक आली, "उत्तरा." तू वर होतीस, म्हणून मी गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनी. नीट पाहिलं, चष्मा लावून. आणि म्हणाले, उत्तरा, उशीर केलास, चल.

मी शुभा आहे हे ओठांवर आलं होतं. तुझं पत्र आठवलं. मी ओ म्हटलं.

मग त्यांनी मला शिकवलं. मला. कोणता चिमटा आधी काढायचा, काळा की लाल, आणि का. पाण्याची पातळी तिरकं बघायची नाही, वाकून बघायची. आकडा वाचून झाला की तो मोठ्याने म्हणायचा, नाहीतर वाचलेला विसरतो. पंधरा वर्षं मी हे काम करते, आणि इतकं नीट मला कुणी समजावलेलं नाही. मध्येच म्हणाले, शुभाला हे जमणार नाही, तिला घाई असते. मी हो म्हटलं. तुझ्या जागी उभं राहून मला तुझा फार मत्सर वाटला.

शेवटी त्यांनी झाकणं लावली, एकेक, देव झाकल्यासारखी. आणि म्हणाले, "गाडी शुभाची आहे, ती उद्या नेईल. नेऊ दे. फक्त तिला सांग, बॅटरी इथेच ठेवून जा. मग सकाळी आपण काय करायचं?"

तेवढंच. मी दुपारी तुझी बॅटरी काढली आणि शेल्फवर ठेवली. लांब केबल उपयोगी पडली हे कबूल कर.

आता माझ्या गराजमध्ये गाडी आहे आणि तिच्यात माझी बॅटरी, जिला पाणी नको, मीटर नको, माणूस नको. चार्जर आपोआप चालतो. सकाळी मी तिथे गेले तर करायला काहीच नसतं. किल्ली बाबांनी माझ्या हातात दिली, जे मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मला रोज सकाळी तुमच्या शेल्फवरच्या त्या सहा झाकणांचा हेवा वाटतो.

दोघींत जो लोभ आहे तो आता कुणाकडून कुणाकडे जातो ते मला कळेनासं झालं आहे. असू दे, आहे तिथे असू दे.

तुझी,
शुभा


वेस्ट विंडसर
६ जुलै २०२५

चि. शुभा हीस,
अनेक आशीर्वाद.

केबल उपयोगी पडली. कबूल.

बॅटरी शेल्फवर नाही. बाबांनी ती तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली काढायला लावली आणि पाटावर ठेवली. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते, असं म्हणाले. तू म्हणशील ती जुन्या काळची समजूत आहे. राहू दे. पाडव्यालाही ती तिथेच बसली होती.

चहानंतर आम्ही जातो. गाडीची जागा रिकामी आहे. तिथे तेलाचा एक डाग आहे, तो ते ओलांडून जातात, मी पण आता ओलांडते. मी प्लग लावते, ते मीटर धरतात. उन्हाळ्यात पाणी जास्त उडतं, म्हणून ड्रॉपर आठवड्यातून दोनदा. आता घड्याळ खात नाही, काही खात नाही, आकडा हलतच नाही. तरी ते रोज मोठ्याने वाचतात आणि मी रोज बरं म्हणते. कधी मी शुभा असते, कधी उत्तरा. तुझं पत्र वाचल्यापासून मला त्याचं पहिल्याइतकं लागत नाही. लागतं, पण वेगळ्या जागी.

आज सकाळी झाकणं लावून झाल्यावर त्यांनी बॅटरीकडे बघत मला विचारलं, ही कुठल्या गाडीची? मी म्हटलं, शुभाच्या. त्यांनी पाट सरळ केला. मग म्हणाले, "मग नीट ठेव. ती न्यायला येईल."

मी प्लग लावला.

येशील तेव्हा सकाळी लवकर ऊठ. जे द्यायचं ते पत्रात मावत नाही, तेवढं मागून घे.

तुझी,
उत्तरावहिनी